शहात्तराव्या वर्षी गुडघा बदलावा का?

प्रश्न : आईचे वय 76 असून तिला मधुमेह आहे. एक्स-रेमध्ये गुडघे पूर्ण झिजल्याचे दिसते. या वयात शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर : हा निर्णय केवळ वयावरून किंवा एक्स-रेवरून होत नाही, कारण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, सारखीच झिजलेली असूनही एक रुग्ण रोज देवळात चालत जातो, तर दुसऱ्याला वेदनेमुळे रात्री झोप लागत नाही. वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि औषधे यांनी काही महिन्यांत उतार पडला नाही, आणि संडासातून उठणे वा जिना चढणेही परावलंबी झाले, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. तत्पूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी, हृदयतपासणी आणि दातांतील वा लघवीतील जंतुसंसर्गावर उपचार अत्यावश्यक आहेत, कारण कृत्रिम सांध्यात पू झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. बहुतेक कृत्रिम गुडघे वीस वर्षे टिकतात, त्यामुळे या वयात सांधा झिजण्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाची तयारी अधिक महत्त्वाची असते. तरीही सुमारे पाचातील एक रुग्ण परिणामावर पूर्ण समाधानी नसतो, आणि जमिनीवर मांडी घालून बसणे सहसा टाळावेच लागते, हे आईला आधी स्पष्ट सांगायला हवे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्र सरकारने 2017 मध्ये मर्यादा घातली असल्याने बिलात ती रक्कम वेगळी मागावी. मुलांचा आग्रह कितीही प्रेमाचा असला, तरी होकार आईचाच असावा.