भूमीचा विसावा
शास्त्रपाठ : लेवीय 25:1-7; 2 इतिहास 36:20-21

सातव्या वर्षी शेत पेरू नये ही आज्ञा आपण जुन्या इस्राएलापुरती समजून पुढे वाचू लागतो. परंतु तेथे विसावा नेमला आहे तो भूमीसाठी. लोकांनी तो दिला नाही. ते बंदिवासात गेल्यावर ओसाड पडलेल्या भूमीने सत्तर वर्षे आपला विसावा भोगला, असे इतिहासकार लिहितो.

आता पंजाबकडे पाहा. 1960 च्या दशकापासून गव्हामागून भात, भातामागून गहू. त्या धान्याने देशाची भूक भागवली, हे उपकार विसरू नयेत. मात्र भातासाठी कूपनलिकांनी उपसता उपसता भूजल खोल गेले. ते वाचवण्यासाठी 2009 मध्ये कायद्याने भाताची लावणी जूनपर्यंत लांबवली. मग कापणीही लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वी थोडेच दिवस उरले आणि शेतातला पेंढा जाळण्याची वेळ नेमकी थंडीच्या तोंडावर, वारा मंदावतो तेव्हा आली. पाणी राखू गेले, तर हवा काळवंडली!

मूग, हरभरा अशा पिकांच्या मुळांवरील गाठी नत्र साठवतात. त्यांची फेरपालट हाही भूमीला एक विसावाच. शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. पण गहू-भाताइतकी हमखास सरकारी खरेदी कडधान्याची होत नाही, आणि कर्जाचा हप्ता सातव्या वर्षीही थांबत नाही.