दात एका घासाने तुटत नाही

जेवता जेवता ‘कट्’ असा आवाज होतो. भाकरीत खडा आला असं वाटतं. हातावर घेऊन बघावं तर दाढेचाच तुकडा! मग आपण खड्याला नावं ठेवतो. पण बऱ्याचदा खडा हे फक्त निमित्त असतं. ती दाढ आतून आधीच कमजोर झालेली असते.

दाताचं वरचं पांढरं कवच हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण भाग. हाडापेक्षाही कठीण! पण काचेची बशी कशी, कठीण असली तरी तडकते, तसंच याचं आहे. आणि हाड मोडलं तर जुळून येतं, दाताचा तडा मात्र आपोआप कधीच भरून येत नाही. रोजच्या चावण्याने तो वाढत जातो.

दात कमजोर कशाने होतात?

- कीड. बाहेरून छोटा काळा ठिपका दिसतो, पण आतून दाढ पोखरलेली असते. वरचं छप्पर एक दिवस खाली बसतं.
- दाताचा अवजारासारखा वापर. सुपारी फोडणं, दोरा तोडणं, पीन उघडणं, बाटलीचं झाकण काढणं. अडकित्ता, कात्री घरात असते, पण दात जवळ असतात ना!
- मिशरी. ती बोटाने रोज घासून हिरडीजवळ दात झिजतो, खाच पडते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. लावल्यावर बरं वाटतं, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.
- झोपेत दात खाणं. सकाळी उठल्यावर जबडा आवळल्यासारखा वाटतो का? घरच्यांना विचारा, रात्री दातांचा आवाज येतो का.
- उलट्या. पोटातल्या आंबट पाण्याने दाताचं कवच मऊ पडतं. गरोदरपणात उलटी झाली की साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश अर्ध्या तासाने करा.
- रूट कॅनाल करून कॅप न बसवणं. नस काढली, दुखणं थांबलं, मग कॅपचा खर्च कशाला, असं आपल्याला वाटतं. पण अशी दाढ पोकळ झालेली असते. कॅप नसेल तर ती उभी चिरू शकते. मग ती काढावी लागते आणि आधी घातलेले पैसेही पाण्यात जातात.

दाढ आधी खूण देते

काही चावलं आणि दात सोडला की एकदम कळ येते. थंड पाणी झोंबतं. नेमकी कोणती दाढ ते सांगता येत नाही. ही तड्याची खूण असू शकते. आपण काय करतो? दुसऱ्या बाजूने चावायला लागतो आणि वर्ष काढतो. बारीक तडा एक्स-रेमध्येही बरेचदा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं “दुखतंय” म्हणू नका. “चावून सोडल्यावर कळ येते,” असं नेमकं सांगा.

तुकडा पडला तर

कोमट पाण्याने चूळ भरा. तुकडा सापडला तर सोबत न्या. त्या बाजूने चावू नका. दुखऱ्या जागी तंबाखू, मिशरी किंवा डोकेदुखीची गोळी दाबून ठेवू नका. गोळीने हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर तासभरही थांबू नका.

पडल्यामुळे मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधात ठेवा आणि अर्ध्या ते एक तासात दाताच्या डॉक्टरांकडे पोचा. तो परत बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

पैशाचं काय?

लहान खड्डा असताना सिमेंट भरून भागतं. नसेपर्यंत गेलं की रूट कॅनाल आणि कॅप. म्हणजे थांबण्याने खर्च वाचत नाही, वाढतो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना विचारा. तिथे जमलं नाही, तर गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजू नका. शेळीच्या औषधासाठी आपण कर्ज घेतो, मग स्वतःच्या दाढेसाठी का नाही?

पुढच्या बैठकीत हे करा

हप्ते गोळा झाले की प्रत्येकीने एवढंच सांगायचं: मी एकाच बाजूने चावते का? किती दिवसांपासून? ज्या ज्या “हो” म्हणतील, त्यांनी दवाखान्याचा वार तिथेच ठरवायचा आणि मिळून जायचं. एकटीचं जाणं राहून जातं, चौघी मिळून गेल्या की होतं.