बिनपडद्याच्या बेस गिटारच्या तारा

बेस गिटारचे पडदे काढले, की सरोदाप्रमाणे मींड मोकळी होते. परंतु सरोदाच्या तारांखाली गुळगुळीत पोलादी पत्रा असतो. येथे असते लाकूड. हा भेद मला उशिरा कळला. मामांनी विश्वासाने दिलेल्या गिटारला मी गोल वेढ्याच्या पोलादी तारा चढविल्या आणि काही महिन्यांतच पट्टीवर चरे उमटले!

असे का व्हावे? सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. इतक्या खर्जासाठी तार जड हवी; पण एकसंध जाड तार ताठ होऊन बेसूर बोलते. म्हणून बारीक गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवितात. हा वेढा गोल तारेचा असेल, तर नाद तेजस्वी, पण मींड घेताना तार कानशीसारखी लाकूड खाते. वेढा चपट्या पट्टीचा असेल, तर नाद थोडा दबका, पण लाकूड सुरक्षित. वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेली तार त्याहूनही मऊ.

मग अमेरिकेच्या जॅको पास्टोरियसने १९७६ च्या आपल्या पहिल्या स्वतंत्र तबकडीत गोल वेढ्याच्याच तारा कशा वाजविल्या? त्याने पट्टीवर नावेला लावतात तसा इपॉक्सीचा कठीण लेप दिला होता. मी त्याच्या तारा पाहिल्या, लेप पाहिला नाही!

तेव्हा मित्रहो, आधी पट्टी पाहा, मग तार निवडा. लाकूड उघडे असेल, तर चपट्या वेढ्याचीच तार घ्या. मामांची पट्टी मी घासून सपाट करून घेतली. गेलेले लाकूड मात्र परत आले नाही.