टीव्ही बंद, मैदान सुरू

मुलांनो, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली एक नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद, साडेआठपर्यंत अभ्यास. आपल्या उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही सहा ते आठ अशी वेळ ठरवली. एकट्याने टीव्ही बंद केला तर शेजारचा आवाज ऐकून मन तिकडेच धावते. सगळ्यांनी मिळून केला की सोपे जाते.

आता गणित करा. रोज दीड तास, म्हणजे आठवड्याला साडेदहा तास! मी वर्गात विचारले, "एवढ्या वेळात काय कराल?" उत्तर आले, "अभ्यास उरकून खो-खो, गुरुजी!" शाब्बास! आपल्या जिल्ह्यातील सारिका काळे यांना 2020 साली खो-खोसाठीच अर्जुन पुरस्कार मिळाला. टीव्हीपुढे बसून तो मिळत नसतो.

आज घरी विचारा, आपल्या गल्लीत भोंगा कधी वाजवायचा?