एका तापाची पाच वर्षे : संसर्गजन्य रोगांवरील अनुदानित पीएच.डी. संशोधन आणि आपले दोन तालुके



वार्षिक अहवालातील जमाखर्चाची पाने आपण काळजीपूर्वक वाचता, याची आम्हांस जाणीव आहे. त्या पानांत ज्याची नोंद होत नाही अशा एका खर्चाविषयी आणि त्यासाठी बाहेरून उपलब्ध असलेल्या निधीविषयी हा लेख आहे. संसर्गजन्य रोगांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या तरुणांना शासनाकडून दरमहा ठराविक रक्कम मिळते. ही माहिती मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचलेली आहे. खाटा अपुऱ्या आणि औषधे महाग असताना ग्रामीण रुग्णालयाने संशोधनाची चिंता का वाहावी, हा प्रश्न देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पावसाळ्यातील तापापासून सुरू होते.

ताप एक, रोग अनेक

आषाढात भातलावणी सुरू झाली की तापाचे रुग्ण वाढू लागतात. अंगदुखी, डोकेदुखी, थंडी आणि अशक्तपणा ही लक्षणे जवळजवळ सर्वांची सारखीच असतात. तो हिवताप असू शकतो, डेंग्यू असू शकतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या खाचरातील पाण्यातून, पायाच्या भेगांवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. गवतझुडपांतील माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीने चावा घेतल्यामुळे होणारा स्क्रब टायफसही असू शकतो.

या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. हिवतापाची औषधे स्वतंत्र आहेत. डेंग्यूवर नेमके औषध नाही, शरीरातील द्रवाचे प्रमाण राखणे हाच मुख्य उपचार. लेप्टोस्पायरोसिसमध्ये पेनिसिलिन उपयोगी पडते, परंतु स्क्रब टायफसमध्ये पेनिसिलिनच्या गटातील औषधांचा उपयोग होत नाही, तेथे डॉक्सिसायक्लीनसारखे औषध लागते. निदानास विलंब झाला तर मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे यांवर परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो. म्हणून आपल्या भागातील पावसाळी तापांत कोणत्या रोगाचा वाटा किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पाड्यांत, हे ठाऊक असेल तर वैद्यकीय अधिकारी पहिल्याच दिवशी योग्य दिशेने विचार करू शकतात.

उत्तरास वर्षे का लागतात?

हा प्रश्न एखाद्या आरोग्य शिबिरात सुटणारा नाही. लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफसचे निदान पक्के करण्यासाठी पुष्कळदा रुग्णाचे रक्त दोनदा घ्यावे लागते. पहिला नमुना आजारपणात, दुसरा साधारण दोन आठवड्यांनी. दोहोंतील प्रतिपिंडांची तुलना करून दुसऱ्यात ती चौपट किंवा अधिक वाढलेली आढळली, तर त्या रोगाची खात्री पटते.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन आठवड्यांनी रुग्ण बरा होऊन कामाला लागलेला असतो. बरा झालेला माणूस दुसऱ्यांदा सुई टोचून घेण्यासाठी मजुरी बुडवून येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. कोणीतरी त्याच्या पाड्यावर जायला हवे, त्याला समजावून सांगायला हवे आणि नमुना थंड पेटीतून प्रयोगशाळेपर्यंत सुरक्षित आणायला हवा. पावसाळा संपल्यावर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात. मग पत्ताही लागत नाही. शिवाय एक पावसाळा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन-तीन पावसाळे पाहावे लागतात.

आपले वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका बाह्यरुग्ण विभाग सोडून हे काम करू शकत नाहीत. त्यासाठी प्रशिक्षित आणि पूर्ण वेळ देऊ शकणारी व्यक्ती लागते. अशी व्यक्ती बहुधा पीएच.डी.ची विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिली जातात. एका तापाचा छडा लावण्यास लागणारा काळही साधारण तेवढाच असतो.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

असे काम कसे फळास येते, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथे तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. विषाणूला गावाचे नाव मिळाले आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्याची फारशी चर्चा झाली नाही. २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ बालके आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने तपास केला, तेव्हा चांदीपुरा विषाणू हेच कारण असल्याचे दिसून आले. २०२४ साली गुजरातेत पुन्हा अशी साथ आली, तेव्हा त्याची चाचणी तत्काळ करता आली. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या रोगावर आजही नेमके औषध नाही, परंतु शत्रूचे नाव ठाऊक असल्याने माशीविरुद्ध फवारणी आणि बालकांना त्वरित रुग्णालयात हलविणे या उपायांना दिशा मिळते. १९६५ सालच्या त्या दोन नमुन्यांचे मोल अडतीस वर्षांनी कळले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत अवलंबिली आणि अन्य ४७ गावांशी तिची तुलना केली. प्रशिक्षित ग्रामीण महिलांनी जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना घरीच प्रतिजैविके दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. येथे मोठी यंत्रे नव्हती. प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची प्रामाणिक नोंद मात्र होती.

आपल्याजवळही अशी सोय आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेशी संलग्न असे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र कार्यरत आहे. आदिवासी तालुक्यात संशोधन होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

अधिछात्रवृत्तीचा हिशेब

शिष्यवृत्ती शिक्षणाच्या खर्चासाठी असते. अधिछात्रवृत्ती ही संशोधकाच्या पूर्ण वेळेच्या मोबदल्यात दिली जाणारी मासिक रक्कम असते. ती कर्ज नव्हे आणि ती परत करावी लागत नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने तिचा हिशेब मांडून दाखविणे मला आवश्यक वाटते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय दरांनुसार :

पहिली दोन वर्षे, कनिष्ठ अधिछात्र : दरमहा रु. ३७,००० प्रमाणे २४ महिने = रु. ८,८८,०००

पुढील तीन वर्षे, वरिष्ठ अधिछात्र : दरमहा रु. ४२,००० प्रमाणे ३६ महिने = रु. १५,१२,०००

पाच वर्षांची एकूण रक्कम : रु. २४,००,०००

घरभाडे भत्ता नियमांप्रमाणे वेगळा मिळतो. दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होते आणि ते समाधानकारक असल्यासच वरचा दर लागू होतो. शेतमजुराच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरातील मुलीस एम.एस्सी.नंतर नोकरी की पुढील शिक्षण, असा पेच पडतो, तेव्हा ही आकडेमोड निर्णय बदलू शकते. कारण घरच्यांचा पहिला प्रश्न ‘अजून किती वर्षे शिकणार?’ हाच असतो, आणि शिकत असताना घराला हातभार लावता येईल हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मार्ग कोणते?

पहिला मार्ग वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त ‘नेट’ परीक्षेचा. जीवशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांप्रमाणेच एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टरही या परीक्षेस बसू शकतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी तयारी लवकर सुरू करावी. जैवतंत्रज्ञान विभागाची अधिछात्रवृत्ती हा दुसरा मार्ग. विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेत प्रथम आलेल्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ योजना आहे.

अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती असून तिच्या दरवर्षी ७५० जागा असतात. महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी समाजांची मोठी वस्ती असलेल्या आपल्या तालुक्यांसाठी ही योजना विशेष महत्त्वाची आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या लाभार्थी गटांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना साहाय्य करतात. जागा, वयोमर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

निधी मिळाला तरी मार्गदर्शक आणि मान्यताप्राप्त संस्था लागतेच. प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी सुरू केलेल्या कार्यातून उभी राहिलेली आणि १८९९ पासून परळ येथे असलेली हाफकिन संस्था, तसेच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही आपल्या आवाक्यातील ठिकाणे आहेत. विद्यार्थ्याने प्रथम तेथील मार्गदर्शकांचे विषय पाहावेत आणि मग आपला प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून त्यांच्याकडे जावे. ‘पावसाळी तापांचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘मुरबाड तालुक्यात जून ते ऑक्टोबर या काळात पाच दिवसांहून अधिक ताप असलेल्या प्रौढांत स्क्रब टायफसचे प्रमाण किती?’ हा प्रश्न होय.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

‘आमच्यावर प्रयोग तर करणार नाहीत ना?’ ही शंका रास्त आहे आणि ती मोकळेपणाने विचारली पाहिजे. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणतेही संशोधन नीतिविषयक समितीच्या मान्यतेवाचून सुरू करता येत नाही. त्या समितीत कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असतात. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, विचारास वेळ मिळणे आणि होकार देऊन नंतर माघार घेणे हे आपले हक्क आहेत. नकार दिल्याने उपचारात तिळमात्र फरक पडता कामा नये. अंगठा उठविण्यापूर्वी मजकूर वाचून दाखविण्यास सांगावे, आणि तो साक्षीदारासमोर वाचला जावा.

त्याच वेळी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. दुसऱ्या नमुन्याचा निष्कर्ष बहुधा तो देणारा रुग्ण बरा झाल्यावर हाती येतो. त्याचा लाभ पुढील पावसाळ्यात येणाऱ्या दुसऱ्या कोणास तरी होतो. म्हणून तो नमुना हेही एक दानच आहे, आणि अहवालात देणगीदारांच्या ऋणाचा उल्लेख होतो तेव्हा असे दान देणाऱ्यांचेही स्मरण व्हावे.

न्यासाने काय करावे?

पीएच.डी.चा संपूर्ण खर्च उचलणे हे आपल्यासारख्या न्यासाचे काम नाही, आणि त्यासाठी रुग्णसेवेचा निधी वळविणे योग्यही होणार नाही. मोठी रक्कम शासन देते. त्या रकमेत जे बसत नाही, ते मात्र येथूनच यावे लागते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, तापाच्या प्रत्येक रुग्णाचे गाव, पाडा, व्यवसाय आणि ताप आल्याची तारीख यांची एकसारखी नोंद ठेवावी. यास जवळजवळ खर्च नाही, शिस्त मात्र लागते. अशा नोंदींवाचून कोणताही संशोधक आपल्याकडे येणार नाही.

दुसरी, तालुक्यातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातून एकदा मार्गदर्शन सभा घ्यावी आणि त्यात वरील योजनांची माहिती पालकांच्या उपस्थितीत द्यावी.

तिसरी, एक लहान पूरक निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा. परीक्षा शुल्क, मुंबई-पुण्याचा प्रवास, आणि अधिछात्रवृत्तीची रक्कम विलंबाने आली तर त्या महिन्यांपुरती बिनव्याजी उचल, एवढ्यासाठीच तो वापरावा आणि त्याचा हिशेब पुढील अहवालात स्वतंत्रपणे छापावा.

या निधीस हातभार लावू इच्छिणाऱ्या देणगीदारांना आमची विनंती आहे की त्यांनी लवकर फळाची अपेक्षा ठेवू नये. इमारतीवर कोनशिला बसते, रुग्णवाहिकेवर नाव लिहिता येते. येथे तसे काही दिसणार नाही. परंतु येत्या काही वर्षांत टोकावडे वा किन्हवली परिसरातील एखादी विद्यार्थिनी आपल्याच खाचरांतील तापावर प्रबंध सादर करील आणि तिचे निष्कर्ष आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर उपचारपद्धतीच्या तक्त्याच्या रूपाने लागतील, तर त्या तक्त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक रुग्णात आपला वाटा असेल.

 वरील सूचनांविषयी आपले अभिप्राय अवश्य कळवावेत, ही विनंती.

आपला नम्र,
प्रशासक