घोरावाडीजवळ कंटेनर-घरात मुक्काम: खर्च किती, विचारायचे काय?

मावळात शेताच्या बांधावर, डोंगराच्या कुशीत उभ्या केलेल्या कंटेनर-घरात दोन दिवस राहायला मिळते. महावितरणची जोडणी नाही, वीज सौर पॅनेलची, पाणी टाकीचे. अशा ठिकाणी भाड्याआधी वीज-पाण्याची चौकशी करा. तिथे काटकसर झाली असेल तर विश्रांतीचे पैसे मोजूनही विश्रांती मिळत नाही.

भाडे आणि कर
सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के. त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७,४०० रुपयांच्या घराचे ७,७७० होतात, पण ७,६०० रुपयांच्या घराचे ८,९६८. शनिवार-रविवारी भाडे चढते आणि ही रेषा ओलांडली जाते. मंगळवार-बुधवारी गेलात तर दोन्हीकडून वाचते. जेवण भाड्यात धरले आहे का आणि अनामत किती, हेही विचारा. वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम १५० चौरस फूट भरतो. दोघांना पुरतो, जादा गादीचे पैसे देऊन चौघांनी कोंबून घेऊ नये.

वीज
एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट देते. दिवे, पंखे, मोबाइल, छोटा फ्रिज एवढ्याला ते पुरते. एसी रात्रभर चालला तर एवढी वीज एकटाच खातो. मग जनरेटर सुरू होतो: डिझेलचा खर्च वेगळा आणि रात्रभर घरघर. पावसाळ्यात पॅनेलची वीज आणखी घटते. म्हणून ‘एसी आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘बॅटरीवर किती तास चालतो’ हेही विचारा.

पाणी आणि ऊन
शॉवरखाली दहा मिनिटांत ८०-१०० लिटर जातात, बादलीत २० लिटरमध्ये अंघोळ होते. टाकी किती लिटरची आणि टँकरचे पैसे कोणाचे, हे आधी ठरवा. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा भाजून निघतो. भिंतीत रॉकवूल किंवा पफचा थर, वर वेगळे छप्पर आणि समोरासमोर खिडक्या असतील तरच दुपार सुसह्य होते. याचे फोटो मागवून घ्या. मूळ लाकडी जमीन तशीच ठेवली असेल तर दारावरची धातूची पाटी बघा: लाकडावर कोणते कीटकनाशक मारले, त्याची नोंद तिच्यावर असते.

जाणे-येणे
पुणे-लोणावळा लोकलने घोरावाडीला दहा-पंधरा रुपयांत पोहोचता येते. दुपारी गाड्या विरळ असतात, वेळापत्रक बघून निघा. स्टेशनवरून न्यायला कोण येणार आणि त्याचे किती, हे फोनवरच ठरवा. पोहोचल्यावर गाडी लागत नाही. घोराडेश्वरच्या डोंगरावर पायऱ्या चढून जा. वर कोरीव बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतच महादेवाचे मंदिर. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या डोंगरांवर तुकोबा एकांताला बसत, अशी वारकरी परंपरा सांगते.

पैसे भरण्यापूर्वी
एकूण रक्कम, रद्द केल्यास परतावा, बॅटरीचे तास, पाण्याची सोय आणि जनरेटरचा खर्च, सगळे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ठरल्याप्रमाणे मिळाले नाही तर तेच संदेश आणि बिल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.