विक्रमाच्या नगरीतून मंगोलियाकडे

उज्जयिनीच्या विद्यार्थ्यांस विक्रमादित्याची ओळख करून द्यावयास नको. परंतु विक्रम, भोज आणि वेताळ यांच्या कथा तिबेटमार्गे दूर मंगोलियाच्या गवताळ पठारावर पोहोचल्या आणि तेथे विक्रमादित्याचा ‘बिगरमिजिद’, तर भोजराजाचा ‘आर्जी बोर्जी’ झाला, हे थोड्यांसच ठाऊक असेल. जेथे आपला राजा असा आधीच जाऊन राहिला आहे, तेथे आपणांस जावयाचे झाल्यास काय जाणून असावे?

प्रथम भूगोल पाहू. उत्तरेस रशिया आणि इतर बाजूंस चीन. समुद्रकिनारा कोठेच नाही. क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशाच्या पाचपट. लोकसंख्या मात्र ३५ लाखांच्या आसपास, आणि तीतीलही जवळजवळ निम्मी उलानबातर या राजधानीत. समुद्र दूर असल्यामुळे पाऊस थोडा व हिवाळा अति कठोर. जानेवारीत राजधानीचा पारा रात्री उणे ३० अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून प्रवासास जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. जुलैच्या ११ तारखेपासून कुस्ती, तिरंदाजी व घोड्यांच्या शर्यती यांचा ‘नादाम’ उत्सव असतो. तथापि उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे जवळ असावेत. राजधानीबाहेर पक्के रस्ते विरळ. माहीतगार चालकावाचून पठारावर निघू नये.

पठारावरील पशुपालक ‘गेर’ नावाच्या गोल तंबूत राहतात. लोकर दाबून केलेल्या जाड थरांनी तो झाकलेला असतो व त्याचे दार दक्षिणेकडे असते. चाऱ्यासाठी कुटुंब स्थलांतर करते, तेव्हा घरही बरोबर निघते. एका गेरपासून दुसरे कित्येक मैल दूर असावयाचे; अशा ठिकाणी वाटसरूस आसरा नाकारणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणेच होय. आजचा यजमान उद्याचा वाटसरू असतो. तेथील आतिथ्याचे मूळ या जाणिवेत आहे.

म्हणून पाहुण्यानेही रीत पाळावी. उंबऱ्यावर पाय देऊ नये. आत शिरल्यावर डावीकडून जावे. चुलीतील अग्नी पवित्र मानतात. तीत केरकचरा टाकू नये. दिलेली वस्तू उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यावी. यांतील बहुतेक नियम आपल्या आजीने आपणांस शिकविलेलेच नाहीत काय?

खरी कसोटी भोजनाची. तेथे धान्य व भाजीपाला कमी. मांस आणि दूध हाच मुख्य आहार. चहा येतो तोही दूध-मिठाचा. शाकाहारी प्रवाशाने आपला नियम आधीच नम्रपणे सांगावा व थोडा शिधा जवळ बाळगावा. घोडीचे दूध आंबवून केलेले ‘ऐराग’ किंचित मादक असते. ते नको असल्यास वाटी झिडकारू नये. दोन्ही हातांनी घेऊन, ओठांस लावून परत करावी. नियम आपला राहतो आणि मान यजमानाचा.

ज्या लोकांनी आपल्या विक्रमास आपलेसे केले, त्यांच्या दारी आपण परके म्हणून का जावे? सामानात लोकरीचे कपडे तर न्यावेतच. पण उंबरा जपून ओलांडण्याची सवय येथूनच नेणे बरे.